घरी बाळंत व्हायचंय? तयारी कुठून सुरू करायची

माझं पहिलं बाळंतपण घरी व्हायचं होतं. खोली तयार होती, मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) शेजारी होती, रात्रभर कळा देऊन झाल्या होत्या. गर्भपिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलं आणि तिथेच अडलं. चार तास वाट पाहून मिडवाइफने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आता निघू या." आम्ही निघालो. बॅग दाराशी होती, गाडी कोण चालवणार ते ठरलेलं होतं, रुग्णालयात माझी फाइल महिन्याभरापासून होती. मुलगी तिथे झाली आणि आम्ही दोघी सुखरूप होतो. धाकटा मात्र घरीच झाला, पाच तासांत.

दोन्ही वेळच्या तयारीकडे आज पाहिलं की एक गोष्ट स्वच्छ दिसते. घरच्या बाळंतपणाची निम्मी तयारी घर सोडून निघण्याची असते. ती निम्मी पक्की असेल तरच उरलेल्या निम्मीत मन रमतं. म्हणून या लेखात खोली, चादरी आणि टॉवेल बरेच उशिरा येतील.

ज्यांचं गरोदरपण निरोगी चाललं आहे आणि ज्यांना प्रशिक्षित मिडवाइफच्या किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली घरी किंवा प्रसूतिकेंद्रात बाळंत व्हायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एकटीने किंवा फक्त घरच्यांच्या भरवशावर बाळंत होण्याचा विचार कोणी करत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. का, ते पुढे येईलच.

१. आधी चाळणी

घर ही जागा आपल्यासाठी योग्य आहे का, हे आवडीने ठरत नाही. पोटात एकच बाळ हवं आणि त्याचं डोकं खाली हवं. कळा ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान आपणहून सुरू व्हायला हव्यात. रक्तदाब आणि साखर ताब्यात हवी. बाळाला पोसणारी वार गर्भपिशवीच्या तोंडावर नको. तशी असेल तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रश्नच उरत नाही. हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदरपणात ते ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात, आणि रक्त कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही जड जातो. हृदयाचा, मूत्रपिंडाचा आजार, झटके, आधीच्या बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, हे सगळं डॉक्टरला आणि मिडवाइफला न लपवता सांगायचं. घरी होता यावं म्हणून जुनी गोष्ट दडवणाऱ्या बायका असतात. त्यांची इच्छा मला समजते, पण दडवलेली गोष्ट कळांमध्येच वर येते.

अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स ही संघटना तीन बाबतींत घरच्या बाळंतपणाला सरळ मनाई सांगते: जुळं, पायाळू किंवा आडवं बाळ, आणि आधी झालेलं सिझेरियन. सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूती होऊ शकते, पण जुना टाका उसवण्याचा धोका असतो, म्हणून ती शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच व्हावी.

पहिलटकरणींनी पुढचे आकडे नीट वाचावेत. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या सुमारे ६४ हजार स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या किंवा पुढच्या खेपेच्या स्त्रियांमध्ये बाळाला गंभीर त्रास होण्याच्या प्रमाणात घर आणि रुग्णालय यांत लक्षणीय फरक दिसला नाही. पहिलटकरणींमध्ये मात्र ते प्रमाण घरी हजारात ९.३ आणि रुग्णालयात ५.३ होतं. त्याच अभ्यासात, घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या शंभर पहिलटकरणींपैकी ४५ जणींना कळांदरम्यान किंवा लगेच नंतर रुग्णालयात हलवावं लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हा आकडा शंभरात १२ वर येतो. दुसरी बाजूही त्यातच आहे. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्यांमध्ये सिझेरियन आणि चिमट्याने किंवा व्हॅक्यूमने बाळ ओढून काढणं यांचं प्रमाण बरंच कमी होतं.

हे आकडे तिथल्या व्यवस्थेचे आहेत. नोंदणीकृत मिडवाइफ, तिच्या पिशवीत औषधं, फोन केला की येणारी रुग्णवाहिका आणि दार उघडून वाट पाहणारं रुग्णालय. यातलं काही तुमच्याकडे नसेल तर ते आकडेही तुमचे नाहीत.

ही चाळणी एकदा लावून भागत नाही. २० व्या आठवड्यात सगळं ठीक असलेलं गरोदरपण ३६ व्या आठवड्यात बदललेलं असू शकतं. ३६ आठवड्यांना एकदा आणि कळा सुरू झाल्या की मिडवाइफ आल्या आल्या पुन्हा एकदा हे सगळं तपासायचं.

२. माणूस शोधा

खोलीआधी माणूस. घरी प्रसूती करवण्याचा अधिकार कोणाला आहे याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. तुमच्याकडे काय नियम आहे ते आधी बघा आणि जिच्याशी बोलता आहात तिची नोंदणी खरोखर आहे का ते पडताळा. यात भिडेला जागा नाही.

भेटाल तेव्हा हे विचारा. आतापर्यंत रुग्णालयाबाहेर किती प्रसूती केल्या? बरोबर दुसरं प्रशिक्षित माणूस कोण येतं? बाळ बाहेर येताना दोन जाणकार माणसं खोलीत लागतात, कारण आई आणि बाळ दोघांनाही एकाच क्षणी मदत लागू शकते. त्याच दिवशी दुसरी बाई कळांवर असली तर आमच्याकडे कोण येणार? नवजात बाळाला श्वास देण्याचं प्रशिक्षण शेवटचं कधी घेतलं? रक्तस्राव थांबवायला काय काय बाळगता? ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आवळायला लावणारं औषध) असेल तर ते थंड कसं ठेवता? हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. गरम गाडीत दिवसभर पडलेली कुपी ऐन वेळी उपयोगी पडेल याचा भरवसा नाही.

आणि शेवटी हा प्रश्न विचाराच: आतापर्यंत किती जणींना रुग्णालयात हलवलं, आणि कशासाठी? "माझ्याकडून कधीच कोणाला न्यावं लागलं नाही" असं अभिमानाने सांगणारी भेटली तर दुसरी शोधा. जी शांतपणे तीन-चार प्रसंग सांगते, तेव्हा काय दिसलं आणि किती वेळात निघालो हे सांगते, तिच्यावर विश्वास टाकता येतो.

श्वासाचा प्रश्न मी का लावून धरते ते सांगते. बहुतेक बाळं आपणहून श्वास घेतात. काहींना पुसून, पाठ चोळून जागं करावं लागतं. शंभरातल्या सुमारे पाच बाळांना मास्क लावून अँबू बॅगने (हाताने दाबायच्या हवेच्या पिशवीने) हवा द्यावी लागते, आणि ती पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हावी लागते. निरोगी आईच्या, निरोगी गरोदरपणाच्या बाळालाही ही गरज पडू शकते आणि ते आधी सांगता येत नाही. एका मिनिटात कोणी बाहेरून येऊ शकत नाही. ते हात खोलीतच असावे लागतात.

डूला आणि मिडवाइफ यांत गल्लत करू नका. डूला धीर देते, कंबर चोळते, श्वासाची लय धरायला मदत करते. तिच्या सोबतीचं मोल मोठं आहे. कळांमध्ये सतत एक माणूस जवळ असलेल्या स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती होण्याची शक्यता वाढते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण वैद्यकीय जबाबदारी तिची नसते.

मिडवाइफ ठरली तरी डॉक्टरकडच्या तपासण्या सोडायच्या नाहीत. सोनोग्राफी, रक्तदाब, साखर, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सिफिलिस, रक्तगट, सगळं व्हायला हवं. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर पुढच्या गरोदरपणातल्या बाळाला जपणारं अँटी-डी इंजेक्शन प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत द्यावं लागतं. घरी बाळंत होणाऱ्यांनी ते कुठून आणि कोण देणार हे आधीच ठरवून ठेवावं, नाहीतर आनंदाच्या गडबडीत ते राहून जातं.

३. रुग्णालयापर्यंतचा रस्ता

दिवस भरलेल्या गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जात असतं. बाळ आणि वार बाहेर आल्यावर पिशवी मुठीसारखी आवळली जाते आणि त्या आवळण्यानेच रक्तवाहिन्या बंद होतात. ती आवळलीच नाही तर काय होईल हे त्या अर्ध्या लिटरवरून समजा. म्हणून अंतर मिनिटांत मोजायचं, किलोमीटरमध्ये नाही.

प्रत्यक्ष जाऊन बघा. एकदा गर्दीच्या वेळी, एकदा मध्यरात्री. दारातून निघून प्रसूती विभागाच्या टेबलापर्यंत किती वेळ लागतो? रात्री कोणतं फाटक उघडं असतं? तिथे २४ तास सिझेरियन होतं का, रक्त मिळतं का, नवजात बाळांचा विभाग आहे का? मला स्वतःला अर्ध्या तासापलीकडचं अंतर नको वाटतं. तुमच्या मिडवाइफची मर्यादा याहून कमी असेल तर तिचं ऐका. रुग्णालय फार लांब असेल तर शेवटच्या आठवड्यांत जवळच्या कोणाच्या घरी मुक्काम हलवणं हाही एक चांगला मार्ग आहे.

रुग्णालयात आधीच नाव नोंदवा. तुमचा बेत तिथल्या डॉक्टरांना आवडेलच असं नाही. मलाही थोडं ऐकून घ्यावं लागलं. तरीही सांगावं, कारण मध्यरात्री अनोळखी बाई म्हणून पोचण्यात आणि फाइल असलेली बाई म्हणून पोचण्यात फार फरक असतो.

मग घरातल्या गोष्टी. गाडी कोण चालवणार? शक्यतो नवरा नको. तो तुमच्याजवळ मागे बसलेला बरा. तो नसेल तर दुसरं कोण? जिन्यातून स्ट्रेचर वळतो का? लिफ्ट बंद पडली तर? मोठं मूल असेल तर ते कोणाकडे? रुग्णवाहिकेचा, रुग्णालयाचा, मिडवाइफचा आणि शेजाऱ्यांचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. त्याखाली घरचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण लिहा. हसू येईल, पण घाबरलेला माणूस स्वतःचा पत्ता विसरतो.

४. बेत केव्हा बदलायचा

हे कळांमध्ये ठरवता येत नाही. ३६ व्या आठवड्यात मिडवाइफ, तुम्ही आणि सोबतीचं माणूस, तिघांनी बसून कागदावर लिहा. आमच्या कागदावर वरच एक वाक्य होतं: मिडवाइफ "निघू या" म्हणाली की चर्चा नाही.

कळांच्या आधी किंवा कळांमध्ये या खुणा दिसल्या तर निघायचं: पाणमोट फुटली आणि पाणी हिरवट, तपकिरी किंवा रक्तासारखं आलं, ताजं लाल रक्त वाहू लागलं (कळांआधी थोडा गुलाबी, चिकट स्राव जातो तो वेगळा, त्याची भीती नाही), बाळाची हालचाल कमी झाली, दिवस ३७ आठवडे भरायच्या आत कळा आल्या, पाणमोट फुटून २४ तास झाले तरी कळा नाहीत, ताप ३८ अंशांवर गेला, रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, बरगडीखाली पोटात कळ, ही रक्तदाबाची धोक्याची लक्षणं आहेत. त्यासाठी मशीनची वाट पाहू नका.

बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात. ते या मर्यादेबाहेर राहू लागले किंवा कळ ओसरल्यावरही मंद राहिले की निघायचं. तासन् तास गर्भपिशवीचं तोंड उघडणं पुढे सरकत नसेल, कळा विरत चालल्या असतील, तरीही. कळा वाढवण्याचं इंजेक्शन किंवा सलाइन घरी कधीही घेऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी. त्याने पिशवी फाटू शकते आणि बाळाचा प्राणवायू तुटू शकतो. कळा वाढवण्याची गरज पडणं हेच रुग्णालयात जाण्याचं कारण आहे.

एक प्रसंग दुर्मीळ आहे, पण माहीत असायला हवा. पाणमोट फुटल्यावर नाळ बाळाच्या आधी खाली सरकून योनीशी दिसली किंवा हाताला लागली, तर ताबडतोब गुडघ्यांवर आणि छातीवर ओणवं व्हायचं. कंबर वर, डोकं खाली. नाळेला हात लावायचा नाही, आत ढकलायची नाही. रुग्णवाहिका बोलवायची. तिथे तातडीचं सिझेरियन लागतं.

बाळ झाल्यावरच्या खुणा: रक्त ५०० मिलिलिटरपर्यंत जाणं, किंवा धार थांबतच नसणं, बाळंतिणीला घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार, वार न पडणं. बाळ झाल्यावर देतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं असेल तर अर्धा तास आणि दिलं नसेल तर एक तास, त्यापुढे वारेची वाट पाहत नाहीत. बाळ कण्हत श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर असतील, अंग ढिलं असेल, तर बाळाला न्यायचं आणि आईनेही जायचं.

या यादीत आणखी एक ओळ टाका: मला जावंसं वाटलं. दुखणं सहन होत नाही, एपिड्युरल (पाठीतून देतात ते वेदना कमी करणारं इंजेक्शन) हवं आहे, भीती वाटते आहे, एवढं कारण पूर्ण आहे. बहुतेक बायका सावकाश चालणाऱ्या कळांमुळे किंवा दुखणं कमी करायला हलवल्या जातात, सायरन वाजवत नाही. गाडीत मला हरल्यासारखं वाटलं होतं. मुलगी छातीवर आली तेव्हा ते विरलं, पण त्या भावनेची कल्पना मला आधी कोणी दिली असती तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला देते आहे.

५. शरीराची आणि मनाची तयारी

यावर बाहेर भरपूर लिहिलं जातं, मी थोडक्यात सांगते. रोज चाला. उकिडवं बसणं, चार पायांवर ओणवं होणं, भिंतीला टेकून डुलणं, याचा सराव आधीच करा, म्हणजे कळांमध्ये शरीराला ते आठवतं. उभं राहून, चालत कळा देणाऱ्या बायकांची पहिली अवस्था साधारण तासाभराने कमी होते. ३४-३५ आठवड्यांनंतर योनी आणि गुदद्वार यांमधल्या भागाला स्वच्छ हाताने तेल लावून हलका ताण देण्याचा मालिश मिडवाइफकडून शिकून घ्या. विशेषतः पहिलटकरणींना टाके लागण्याचं प्रमाण त्याने थोडं कमी होतं.

सोबतीच्या माणसालाही तयार करा. त्याने एखादा तरी प्रसूतीचा व्हिडिओ पूर्ण पाहावा, आवाजासकट. कळांमध्ये बाई ओरडते, रडते, "माझ्याने होणार नाही" म्हणते. पहिल्यांदाच ते ऐकणारा माणूस गोठून जातो.

६. खोली आणि सामान

३७ आठवडे भरायच्या आत सगळं एका जागी हवं. खोली उबदार हवी, निदान २५ अंश, आणि वाऱ्याचा झोत नको. ओलं बाळ झपाट्याने गार पडतं. मंद उजेड आवडतो तुम्हाला, पण मिडवाइफला टाका घालायला झगझगीत दिवा लागतो. तो आणि चार्ज केलेली बॅटरी हाताशी ठेवा.

पलंगावर स्वच्छ चादर, तिच्यावर प्लास्टिक, त्यावर जुनी धुतलेली चादर. म्हणजे नंतर वरचं ओढून काढलं की खाली कोरडं अंथरूण तयार. पलंग दोन्ही बाजूंनी मोकळा हवा. नेदरलँड्समध्ये घरचं बाळंतपण आरोग्यव्यवस्थेचाच भाग आहे. तिथे पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावून तो उंच करतात, कारण तासन् तास वाकून काम करणाऱ्या मिडवाइफची पाठ त्यावर अवलंबून असते. बसक्या पलंगावर माझ्या मिडवाइफचे झालेले हाल पाहून मला ते पटलं.

आठ-दहा मऊ टॉवेल, त्यातले चार फक्त बाळासाठी. टोपी, कपडे, पांघरूण. मोठे पॅड. वारेसाठी भांडं, कचऱ्याच्या जाड पिशव्या, बादली. बाळाला श्वास द्यायची वेळ आली तर लागणारी सपाट, कडक, कोरडी जागा: टेबल किंवा ड्रॉवरचा माथा रिकामा करून त्यावर टॉवेल पसरून ठेवा. नाळेचे चिमटे, निर्जंतुक कात्री, हातमोजे हे मिडवाइफ आणते. काय तिचं आणि काय तुमचं, याची यादी दोघींकडे असू द्या.

स्वच्छतेचे सहा नियम जगभर शिकवले जातात: हात, आईचा खालचा भाग, अंथरूण, नाळ कापायचं साधन, नाळ बांधायचं साधन आणि नंतर नाळेची निगा, हे सहाही स्वच्छ. १८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तोच धडा अजून पहिला आहे. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाने नखं कापलेली, अंगठ्या काढलेल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतलेले.

पाण्याच्या टबात कळा द्यायच्या असतील तर पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका आणि थर्मामीटरने तासातासाला बघा. पाचशे लिटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन, तेव्हा वरच्या मजल्यावर राहत असाल तर जमिनीचाही विचार करा. टब भरायला आणि तापवायला किती वेळ लागतो याची एक रंगीत तालीम जरूर करा.

७. कळा सुरू झाल्यावर

खोट्या कळा चाललं, कूस बदलली की विरतात. खऱ्या कळा जवळजवळ येतात, लांबतात, वाढतात. पहिलटकरणीला साधारण पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की मिडवाइफने निघावं. दुसऱ्या खेपेला एवढं थांबू नका. पाणमोट फुटली तर वेळ लिहून ठेवा आणि रंग, वास बघा.

घाई करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की जोमाच्या कळांची अवस्था पाच सेंटिमीटरपासून धरावी आणि दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे ही जुनी अट सगळ्यांना लागू करू नये. हलकं खा, घोट घोट पाणी प्या, दर दोन तासांनी लघवीला जा. भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं, आणि नंतर रक्तस्रावही वाढवतं.

मिडवाइफ दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर देताना दर पाच मिनिटांनी ठोके ऐकेल. डॉप्लर या छोट्या यंत्राने ऐकेल किंवा पिनार्डच्या नळीने. फ्रेंच डॉक्टर अडॉल्फ पिनार्ड यांनी १८९५ मध्ये तयार केलेली ती साधी नळी आजही वापरात आहे आणि तिला बॅटरी लागत नाही. ऐकण्याच्या या वेळा नोंदवल्या जातात की नाही, याकडे सोबतीच्या माणसाने लक्ष ठेवावं.

जोर आपणहून येईल तसा द्या. खालच्या भागावर कोमट पाण्याचा कपडा धरून ठेवल्याने मोठी चीर पडण्याचा धोका कमी होतो. पोटावर वरून दाबून बाळ खाली ढकलायला कोणालाही परवानगी नाही.

मिडवाइफ पोचण्याआधीच बाळ आलं तर? रुग्णवाहिकेला फोन लावून स्पीकरवर ठेवा. कुशीवर झोपा किंवा ओणव्या व्हा. बाळाला ओढू नका, फक्त हात खाली धरा. पुसा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, दोघांवर कोरडा टॉवेल आणि पांघरूण घाला. नाळ कापू नका, ओढू नका. बाळ रडलं नाही तर जोमाने पुसा, पाठ चोळा आणि फोनवरचं माणूस सांगेल तसं करा.

८. पहिला तास

बाळ छातीवर, कातडीला कातडी लागून. नाळ निदान एक ते तीन मिनिटं तशीच राहू द्यायची. तेवढ्यात वारेतलं बरंच रक्त, आणि त्याबरोबर लोह, बाळाकडे जातं. बाळ बरं असेल तर वजन, कपडे, फोटो सगळं नंतर. तासाभरात ते आपणहून स्तन शोधतं. चीक द्या, त्याआधी दुसरं काहीही नको.

आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन घ्यावं की नाही, हा प्रश्न "नैसर्गिक" या शब्दापाशी अडतो. माझं मत स्पष्ट आहे: घ्यावं. बाळ झालेलं असतं, त्याच्या येण्यात कुठलीही ढवळाढवळ होत नाही, आणि मोठ्या रक्तस्रावाचा धोका बराच घटतो. रुग्णालयापासून लांब असणाऱ्या बाईला तर ते जास्तच हवं.

वार पडल्यावर मिडवाइफ ती पालथी-उताणी करून पूर्ण आहे का बघते. तुकडा आत राहिला तर पिशवी आवळत नाही. मग पुढचे निदान दोन तास ती थांबायला हवी. पोटावरून पिशवी कडक आहे ना, पॅड किती भिजलं, नाडी, रक्तदाब, हे पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी. सहा तासांच्या आत आईला लघवी व्हायला हवी. बाळाला के जीवनसत्त्वाचं १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन द्यायला विसरू नका. नवजात बाळाच्या शरीरात ते फार कमी असतं आणि त्याअभावी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हेपॅटायटिस बीची लस पहिल्या २४ तासांत. अंघोळ २४ तासांनंतर. नाळेवर स्वतःच्या मनाने काहीही लावायचं नाही. कोरडी, उघडी, स्वच्छ ठेवायची.

९. पुढचे दिवस

पहिल्या २४ तासांत पुन्हा भेट, मग दोन-तीन दिवसांनी, मग दुसऱ्या आठवड्यात आणि सहा आठवड्यांनी. रुग्णालयात हे आपोआप होतं, घरी तारखा लिहून ठेवाव्या लागतात. दर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, ताप आला, स्रावाला घाण वास आला, पोटरी एका बाजूने सुजून दुखू लागली, तर थांबू नका. डोकेदुखी आणि अंधारीकडे बाळंतपणानंतरही लक्ष हवं, रक्तदाबाचा त्रास प्रसूतीनंतर पहिल्यांदा दिसू शकतो. बाळ पहिल्या दिवशीच पिवळं दिसलं, दूध ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, तर त्याच तासाला डॉक्टरकडे.

बालरोगतज्ज्ञाची पहिली वेळ गरोदरपणातच घेऊन ठेवा. टाचेतून रक्त घेऊन होणारी तपासणी आणि कानांची तपासणी कुठे होते ते विचारून ठेवा. जन्मनोंदणीसाठी तुमच्याकडे कोणते कागद लागतात, मिडवाइफची सही कुठे लागते आणि मुदत किती आहे हेही आधीच शोधा. आमच्या धाकट्याच्या वेळी तो अर्ज मी ३८ व्या आठवड्यात आणून बाळाच्या कपड्यांखाली ठेवला होता. फक्त तारीख, वेळ आणि वजन भरायचं बाकी होतं.